खाली नाव कोणाचं

इंदुमती वहिनी कोणताही पेपर खालून वाचायच्या. शेवटचं पान काढायचं, तळाची बारीक अक्षरांतली ओळ शोधायची, मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून कोणाचं नाव आहे ते बोट ठेवून वाचायचं आणि मग पहिल्या पानावर यायचं. मी पोह्यांच्या गिरणीत कामाला होते. तिथले पोहे कागदात बांधून त्यांना नेऊन दिले, की पोहे डब्यात ओतायच्या आधी त्या कागदावर ती ओळ सापडते का बघायच्या. म्हणायच्या, "आधी अडकणारा कोण ते बघावं. बातमी मग वाचली तरी चालते."

ही सवय उपजत नव्हती. रोह्याच्या कोर्टानं लावलेली.

पेणला आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मास्तरांना लिहायचं वेड होतं आणि गावात चाललेलं बघून राग यायचा. त्यातून त्यांनी साप्ताहिक काढलं. चार पानं, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली. पण सरकारी पगार घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावावर पेपर काढता येत नाही. मग अशी माणसं जे करतात तेच मास्तरांनी केलं. पेपर बायकोच्या नावावर काढला. आमच्या भागात तेव्हा असे पुष्कळ पेपर होते. लिहिणारा नवरा, नाव बायकोचं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

प्रांत कचेरीत तसं लिहून द्यावं लागतं. वहिनी लग्नातलं ठेवणीतलं पातळ नेसून गेल्या. साहेबांनी विचारलं, "संपादक आपणच?" वहिनींनी मागे वळून बघितलं. मागे पंख्याखाली शिपाई उभा होता.

"शिक्षण?"

"सातवी."

"पेपर काढता येईल?"

वहिनी म्हणाल्या, "हे काढतात..." तेवढ्यात मास्तर खोकले. वहिनी म्हणाल्या, "काढीन."

ही हकीकत त्या स्वतःच सांगायच्या आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. पेपर निघायला लागल्यावर त्यांचं काम एवढंच, की अंकांच्या घड्या घालायच्या, पत्ते चिकटवायचे आणि मास्तरांकडे येणाऱ्या माणसांना चहा द्यायचा. सगळा गाव त्याला मास्तरांचा पेपर म्हणायचा. तळाच्या ओळीत मात्र सौ. इंदुमती. तिच्या खाली आणखी एक ओळ असायची, 'या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' ती वाचून त्या एकदा मास्तरांना म्हणाल्या, "सहमत आहे का नाही, ते विचारलंत कधी?" मास्तर म्हणाले, "ती तशी छापायची पद्धत असते." वहिनींनी पुढे घड्या घालायला घेतल्या.

मग बांधाची बातमी आली.

माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. आमच्याकडे भाताच्या जमिनीला खाडीच्या बाजूनं मातीचा मोठा बांध असतो. तो आहे तोवर भात आहे. बांध फुटून खारं पाणी आत आलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. सरकारनं त्या बांधाचं काम रोह्याच्या एका ठेकेदाराला दिलं होतं. आतून दगड भरायचा, वरून माती. पहिल्याच मोठ्या उधाणाला बांध फुटला, आणि फुटलेल्या जागी दगड दिसलाच नाही. माझा भाऊ, त्याला सगळे दादा म्हणायचे, अनवाणी पेणला आला आणि मास्तरांपुढे बसून म्हणाला, "मास्तर, आत नुसता चिखल हाय. मी सोता बघितलाय. तुमी लिवा."

मास्तरांनी लिहिलं. चांगलं लिहिलं. ठेकेदाराचं नाव घालून लिहिलं.

काही दिवसांनी पोलीस समन्स घेऊन दारात आला. त्यानं मास्तरांना नमस्कार केला आणि विचारलं, "संपादक कुठे भेटतील?" वहिनी पाट्यावर चटणी वाटत होत्या. मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पोलिसानंही बघितलं. वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले आणि सही केली. अब्रूनुकसानीची फिर्याद होती, फौजदारी. बातमी रोह्यात वाचली गेली, ठेकेदाराची अब्रू रोह्यात गेली, म्हणून खटला रोह्याला. आरोपी, सौ. इंदुमती.

वकिलांनी पहिल्या दिवशीच सोपी वाट दाखवली. "बाई, तुम्ही सांगायचं, मी नावापुरती आहे. मला त्यातलं काही ठाऊक नाही."

"मग ते विचारतील, ठाऊक कोणाला आहे?"

वकिलांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली बघत होते. मास्तरांचं नाव आलं तर नोकरी जाणार, घरात दोन मुली शिकत होत्या. हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "खाली नाव माझं आहे ना? मग बातमी माझी."

मला वाटलं, नवऱ्याला वाचवायला बोलल्या. तसं असतं तर गोष्ट साधी होती. पण आठ दिवसांत त्या माझ्याकडे आल्या. "सुभद्राताई, मला तुमचा बांध दाखवा. माझी बातमी आहे आणि मी बघितलेली नाही."

आम्ही गेलो. भर उन्हात, घोट्याएवढ्या चिखलातून, चपला हातात घेऊन. दादानं अजून न फुटलेल्या भागावर नेलं आणि हातातली काठी त्यांच्यापुढे केली. "वहिनी, तुमीच घाला." त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. काठी मुठीपर्यंत आत गेली, लोण्यात सुरी जावी तशी. कुठे खट्ट झालं नाही. त्यांनी ती काढली, जरा पुढे जाऊन परत घातली. परत तेच. काठीला लागलेला काळा चिखल बोटानं निपटला आणि बघत राहिल्या.

"कोर्टात सांगाल का दादा हे?"

"सांगन की. खोटं थोडंच हाय."

"ठेकेदार मोठा माणूस आहे."

दादा म्हणाला, "बांध फुटला, आता माजं अजून काय फुटायचं रायलंय?"

त्या दिवसापासून त्या संपादक झाल्या. मास्तरांनी केलं नव्हतं, त्या आपण होऊन झाल्या. छापण्याआधीचं प्रत्येक पान घरी आणून दाखवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. छापखान्यातून ओल्या शाईचे कागद यायचे आणि त्या चुलीपुढे बसून वाचायच्या. मास्तरांना विचारायच्या, "हे बघितलंय की ऐकलंय?" ऐकलेलं असलं तर म्हणायच्या, "मग 'असे ऐकिवात आहे' असं लिहा, नाहीतर जाऊन बघून या." एकदा दवाखान्यातल्या नर्सबद्दल काहीतरी चटकदार आलं होतं. त्यांनी ते काढायला लावलं. मास्तर चिडले. "अंक खपेल यानं."

"अंक खपेल आणि ती बाई घरी बसेल. तिच्या गल्लीत वाचणारे आहेत. घाला, पण मग खाली नाव तुमचं घाला."

मास्तरांना ते घालता येत नव्हतं. नर्स वाचली.

खरं सांगायचं तर त्या वर्षांत पेपर सुधारला. मी चौथी शिकलेली, मला काय कळतंय, पण गिरणीतल्या बायकाही तो वाचायला लागल्या होत्या. म्हणायच्या, यात लिहिलंय म्हणजे असेल.

तारखेला रोह्याला मी त्यांच्याबरोबर जायचे. मास्तर कधी आले नाहीत. ते कोर्टात दिसले असते तर लगेच प्रश्न निघाला असता, की मास्तरांचा इथे संबंध काय. आम्ही पॅसेंजरनं जायचो. निडीला गाडी समोरची गाडी येईपर्यंत थांबून राहायची, तेव्हा आम्ही भाकरी सोडायचो. एकेरी रूळ, दोन्हीकडे वालाची शेतं. वहिनींचं माहेर रोह्याच्याच बाजूचं, आतल्या गावातलं. स्टेशनवर ओळखीच्या बायका भेटायच्या. "माहेरी आलीस काय गो इंदू?"

"नाही गो, कोर्टात आले. भाऊ बोलवत नाही, सरकार बोलवतं. माहेरपण सरकार करतंय."

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वहिनीही हसायच्या. पण स्टेशन सुटल्यावर कोर्टापर्यंत बोलायच्या नाहीत. माहेरच्या मुलखात आरोपी म्हणून नावाचा पुकारा होणं काय असतं ते मी त्यांच्या पाठीकडे बघून समजत होते. पुकारा झाला की पाठ ताठ व्हायची.

गुन्हा कबूल आहे का, असं जज्जांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बातमी कबूल आहे. गुन्हा कुठला ते मला समजलेलं नाही." जज्ज हसले. कारकुनानं 'कबूल नाही' असं लिहून घेतलं.

बाकी तारखा म्हणजे व्हरांड्यातलं बाकडं. आज जज्ज रजेवर. आज ठेकेदार आजारी. आज वकिलांना दुसरं काम. वर्षं अशीच गेली. डोलवीला कंपनी आली, आमच्या गावची पोरं बांधाचा नाद सोडून तिकडे शिफ्टला जायला लागली, आणि हा खटला जागेवरच. ठेकेदार तसा वाईट बोलणारा माणूस नव्हता. व्हरांड्यात भेटला की चहा मागवायचा. एकदा बाकड्याच्या टोकाला बसून म्हणाला, "वहिनी, माझं तुमच्याशी काही वैर नाही."

"मग बांधाशी होतं का?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चार ओळी छापा. दिलगीर आहोत, एवढंच. मी फिर्याद मागे घेतो. तुम्ही बाईमाणूस, कशाला या पायऱ्या झिजवता?"

"चार ओळी छापायला माझी ना नाही. तुम्ही बांधावर या, काठी घाला, काठीला दगड लागला तर आठ ओळी छापीन."

तो आला नाही.

घरी मास्तर मात्र खचत चालले होते. पेपरच्या जाहिराती बंद झाल्या. शाळेत वरचे साहेब येऊन गेले, दूरच्या तालुक्यात बदली होईल असं कोणी बोललं. वकिलांनी सांगितलं, शिक्षा झाली तर दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. ते ऐकल्यापासून मास्तर जेवताना मध्येच हात थांबवून बसायचे. वहिनी म्हणायच्या, "जेवा. जायचं तर मला जायचंय."

शेवटी दादाची साक्ष लागली. आमच्या बाजूचा साक्षीदार तोच. त्यानं आदल्या दिवशी दाढी केली, नवी टोपी घेतली. गावात त्याला सगळे हसत होते, आता दादा कोर्ट शिकवणार. त्या आठवड्याचा अंक तारखेच्याच दिवशी निघणार होता. वहिनींनी पानं मागितली, तर मास्तर म्हणाले, "वीज नाही, छापखाना उशिरापर्यंत चालेल. तू दमली आहेस, उद्या साक्ष आहे. या वेळी राहू दे." त्या म्हणाल्या, "बरं." इतक्या वर्षांत एकदाच म्हणाल्या.

सकाळी आम्ही तिघं पॅसेंजरनं निघालो. निडीला गाडी थांबली तेव्हा वहिनींनी दादाला विचारलं, "भीती वाटते का?" दादा म्हणाला, "उधाणाला भ्यालो नाय. याला काय भ्यायचं? खरं तेच बोलायचं हाय."

कोर्टात पुकारा झाला. दादा बाकावरून अर्धा उठला. तेवढ्यात ठेकेदाराचे वकील उभे राहिले आणि एक अर्ज पुढे केला. त्याला आमचा अंक जोडलेला होता. ताजा, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ते म्हणाले, आरोपींनी माफी छापली आहे, फिर्यादी उदार मनानं फिर्याद मागे घेत आहेत. आणि त्यांनी ती माफी मोठ्यानं वाचली. 'गावातील काही हितशत्रूंनी दिलेल्या खोट्या माहितीवरून सदर बातमी छापली गेली. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

आमचे वकील खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हाच कळलं.

जज्जांनी अंक वहिनींपुढे धरायला सांगितला. "बाई, ही माफी तुम्हीच छापली ना?"

वहिनींनी माफी वाचली नाही. अंक उलटा केला, शेवटच्या पानावर गेल्या, तळाशी बोट ठेवलं. ते बोट हललं नाही. मी पुढच्याच बाकावर होते. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोणी छापली. त्या प्रश्नाच्या टोकाला मास्तरांची नोकरी होती आणि दोन मुली होत्या. आणि सगळ्या वर्षांत त्यांनीच सगळ्यांना ऐकवलेलं होतं, की खाली ज्याचं नाव, त्याची बातमी.

"नाव माझं आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे छापली?"

"नाव माझं आहे. म्हणजे माझीच."

जज्जांनी लिहायला सांगितलं. आरोपी निर्दोष. कारकून म्हणाला, "सुटलात बाई." वहिनींनी विचारलं, "कशातून?" त्याला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं परत मोठ्यानं सांगितलं.

दादा अजून अर्धा उठलेलाच होता. तो बाहेर व्हरांड्यात आला, टोपी काढली, परत घातली. मग वहिनींना म्हणाला, "वहिनी, काठी तुमीच घातलीव ना बांधात?"

"घातली होती दादा."

"दगड लागला व्हता?"

"नाही."

"मंग मी खोटा कसा?"

 वहिनींना सांगता आलं असतं. माफी मास्तरांनी छापली, हे त्यालाही सांगितलं नाही. दादा आमच्याबरोबर गाडीला आला नाही. एसटीनं गेला. जाताना मला म्हणाला, "तू येतंस का त्यांच्यासंगती जातंस?" मी वहिनींबरोबर गेले.

परतीला भाकरी तशीच राहिली.

घरी मास्तर दारात उभे होते. मी जायला निघाले तर वहिनी म्हणाल्या, "थांबा सुभद्राताई, माझ्याकडे लपवायचं काही नाही." आणि मास्तरांना एकच विचारलं, "मला दाखवलं का नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे ठाऊक होतं."

मास्तर रडायला लागले. "तुला तुरुंगात बघवलं नसतं गं मला."

"मी जाणार होते. तुम्हाला कुठे जायचं होतं?"

मास्तर वाईट नव्हते. मला पुष्कळांनी विचारलंय म्हणून लिहिते. घाबरलेले होते. कायद्यानं घाबरवायला नाव वहिनींचं घेतलं आणि घाबरले मास्तर. पण मास्तरांच्या भीतीची किंमत खाडीकाठी माझ्या भावानं दिली. गावात झालं, की दादानं पैसे घेऊन खोटं सांगितलं आणि उघडा पडला. पुढच्या उधाणाला बांधाचा राहिलेला भागही गेला, तेव्हा ओरडायला कोणी पेणला आलं नाही. कोण विश्वास ठेवणार? आता तिथे भाताच्या जागी खाऱ्या पाण्यातली तिवरं आहेत. दादा माझ्याकडे यायचा बंद झाला. गणपतीतही आला नाही. तो वारला तेव्हा मी गेले, पण तेव्हा काय बोलणार?

त्या तारखेनंतर थोड्याच दिवसांत वहिनी एकट्या प्रांत कचेरीत गेल्या. तेच ठेवणीतलं पातळ नेसून. लिहून दिलं, की आजपासून मी या पेपरची मुद्रक नाही, प्रकाशक नाही, संपादक नाही. पेपर त्यांच्या नावावर होता, तो तिथेच बंद झाला. मास्तर म्हणाले, माझ्या आयुष्याची मेहनत. वहिनी म्हणाल्या, "तुमची मेहनत तुमच्याकडे आहे. मी माझं नाव घेऊन आले."

त्यानंतर मास्तरांशी त्या भांडल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, औषधं द्यायच्या, मुलींची लग्नं दोघांनी मिळून केली. फक्त मास्तरांनी काही लिहून वाचून दाखवायला घेतलं, की उठून मोरीवर भांडी घासायला जायच्या. खालून वाचायची सवय मात्र तशीच राहिली. शेवटच्या दुखण्यात डोळ्यांना दिसेना, तेव्हा मला सांगायच्या, "वाचा, खाली कोण आहे." मी वाचायचे. पुरुषाचं नाव असलं तर काही बोलायच्या नाहीत. बाईचं असलं तर विचारायच्या, "हिला दाखवत असतील का हो?"

मी म्हणायचे, मला काय माहीत.

नव्वदचं दशक संपायच्या आत त्या गेल्या. मास्तरांनी गावातल्या दुसऱ्या एका साप्ताहिकात श्रद्धांजलीची चौकट दिली. फोटो, नाव, आणि लिहिलं होतं, 'एका निर्भीड पत्राच्या माजी संपादिका'. मी तो अंक हातात घेतला आणि आधी उलटा केला. तळाशी एका बाईचंच नाव होतं. बाई आमच्याच पेणची, तिला मी बाजारात भाजी घेताना बघितलेली. तिच्या खाली तीच ओळ, या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. माफीच्या अंकातही ती ओळ होती. कोर्टात तेवढी कोणी वाचून दाखवली नाही.

संध्याकाळी मी त्या बाईकडे गेले. ती दारात अंकांच्या घड्या घालत बसली होती. मी म्हटलं, "बाय गो, छापायच्या आधी वाचत जा."

ती म्हणाली, "मी कशाला? ते हायत ना."